सुबियाको आणि मोंते कासिनो : संत बेनेडिक्टच्या मठांची यात्रा कशी आखावी?

यात्रेकरू_वसई

सर्वांना जय येशू.

आमच्या धर्मग्रामातल्या १२ जणांचा गट मार्चमध्ये रोमला जातो आहे. सोबत आमचे फादर आहेत. सहा जण पासष्टीच्या पुढचे असून त्यांतल्या दोघींचे गुडघे दुखतात. रोमच्या चार बॅसिलिकांचं नियोजन झालंय. त्यानंतरचे दोन-तीन दिवस संत बेनेडिक्टच्या ठिकाणांना द्यायचे आहेत : सुबियाकोची पवित्र गुहा आणि मोंते कासिनोचा मठ. २१ मार्च हा संतांच्या मृत्यूचा दिवस आसपास येतो, म्हणून तो साधता आला तर फार बरं.

टूर कंपनीवाले म्हणतात की दोन्ही मठ एकाच दिवसात उरकता येतील. ते खरं आहे का? रेल्वे-बसने जावं की गाडी करावी? मठात मुक्काम मिळतो का? फादरांना तिथे आमच्यासाठी मराठीतून मिस्सा (ख्रिस्तयाग) अर्पण करता येईल का? उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) चालू असेल आणि गटात तीन जण पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाचं काय? कृपया नेमकं सांगा, ज्येष्ठांना घेऊन जायचंय म्हणून विचारतोय.

---

रोम_मुक्कामी

एका दिवसात दोन्ही करू नका. नकाशावर दोन्ही ठिकाणं रोमच्या एकाच बाजूला दिसतात, पण दोन वेगवेगळ्या खोऱ्यांत आहेत. सुबियाको रोमच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर, अनिएने नदीच्या खोऱ्यात. मोंते कासिनो आग्नेयेला सुमारे १३० किलोमीटरवर, लिरी खोऱ्याच्या तोंडाशी. कासिनोला रेल्वे जाते, सुबियाकोला जात नाही. मधला रस्ता फ्युज्जी आणि फ्रोझिनोनेवरून साधारण १०० किलोमीटरचा आहे आणि अर्धा घाटाचा. त्यात गुहेचा मठ दुपारी जेवणाच्या वेळेला बंद होतो, साधारण साडेबारा ते तीन. म्हणजे सकाळी एक ठिकाण करून दुपारी दुसऱ्याला पोचायचं म्हटलं तर यात्रा राहते बाजूला आणि दिवस गाडीतच जातो. टूरवाल्यांचा 'उरकता येईल' हा शब्द अगदी बरोबर आहे, उरकलंच जातं.

क्रम मात्र आधी सुबियाको, मग कासिनो असाच ठेवा. तो संतांच्या आयुष्याचाच क्रम आहे. इ. स. ४८०च्या सुमारास नॉर्चा इथे जन्म, रोममध्ये शिक्षण, ते अर्धवट सोडून सुबियाकोच्या गुहेत सुमारे तीन वर्षं एकांत, मग त्याच खोऱ्यात प्रत्येकी बारा भिक्षूंचे बारा छोटे मठ, आणि ५२९च्या सुमारास मोंते कासिनो. तिथेच त्यांनी ७३ प्रकरणांची मठनियमावली पूर्ण केली आणि तिथेच ५४७च्या आसपास देह ठेवला. गुहा आधी पाहिलेली असली की कासिनोच्या समाधीपुढे उभं राहण्याला वेगळा अर्थ येतो.

सुबियाको. बसने जायचं तर मेट्रोच्या बी लाइनने पोंते माम्मोलो स्टेशनला उतरायचं. तिथल्या बसतळावरून कोत्राल कंपनीच्या निळ्या बस सुटतात. दोन प्रकारच्या असतात : महामार्गाने जाणारी जलद आणि तिबुर्तिना रस्त्याने गावं घेत जाणारी. जलद बस सव्वा तासाच्या आसपास घेते, दुसरीला बराच जास्त वेळ लागतो. चढण्याआधी पाटी वाचा किंवा ड्रायव्हरला 'आउतोस्त्रादा?' एवढंच विचारा. तिकीट आधी काढून ठेवायचं, तळावरच्या तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानात मिळतं. परतीचंही तिथेच घ्या, कारण सुबियाकोत दुपारी दुकानं बंद असतात.

लोक चुकतात ते वेळापत्रक वाचताना. 'फेरिआले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिव्हो' म्हणजे रविवार आणि सुट्टीचा दिवस. काही फेऱ्या फक्त शाळा चालू असतानाच असतात. रविवारी फेऱ्या एकदम कमी होतात. रविवार शक्यतो टाळाच.

बस गावात सोडते. तिथून संत स्कोलास्तिकाचा (बेनेडिक्टच्या बहिणीच्या नावाचा) मठ सुमारे तीन किलोमीटर चढावर आणि पवित्र गुहेचा मठ त्याच्याही वर दीड किलोमीटर. तुमच्या गटातल्या ज्येष्ठांनी हे चालत करू नये. स्कोलास्तिकापर्यंतच्या रस्त्याला बऱ्याच भागात फुटपाथ नाही आणि वळणांवर गाड्या वेगात येतात. गावातून टॅक्सी करता येते, पण गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते. १२ जणांना ती व्यवस्था पुरणार नाही.

गुहेचा मठ, म्हणजे साक्रो स्पेको, तालेओ डोंगराच्या उभ्या कड्याला चिकटवल्यासारखा बांधलाय. गाडी थांबते तिथून सदाहरित ओकच्या झाडीतून चढ आणि पायऱ्या आहेत. आत गेल्यावर वरचं चर्च, मग खाली उतरत जाणारे जिने, त्याखाली खालचं चर्च, गुहा, आणि त्याच्याही खाली पवित्र जिना. चढ-उतार सगळा दगडी पायऱ्यांचा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या चर्चमध्ये बसावं आणि जमल्यास गुहेपर्यंतच उतरावं, त्याखाली जाण्याचा हट्ट धरू नये, कारण जेवढं उतराल तेवढं पुन्हा चढायचंय. काठी सोबत असू द्या. मार्चमध्ये पायऱ्या ओलसर असतात, गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका.

गुहा लहान आहे. आत आंतोनियो राज्जी या शिल्पकाराने १६५७मध्ये घडवलेली तरुण बेनेडिक्टची संगमरवरी मूर्ती आहे. बारा जण एकदम आत शिरले की कुणालाच धड प्रार्थना करता येत नाही. चार-चार जणांनी जावं, बाकीच्यांनी बाहेर भित्तिचित्रं पाहत थांबावं. रोमानुस नावाचा भिक्षू वरच्या कड्यावरून दोरीला बांधून भाकर खाली सोडायचा आणि दोरीला घंटी असायची, ही कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गुहेत उभं राहून वरचा कडा मनात आणावा. जागेची रचना मग लगेच कळते.

एक गोष्ट चुकवू नका : संत ग्रेगोरीच्या चॅपेलमधलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चित्र. त्यात डोक्यामागे तेजोवलय नाही आणि हातांवर पंचक्षतं (ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा) नाहीत, खाली 'बंधू फ्रान्सिस' एवढंच लिहिलंय. म्हणूनच ते फ्रान्सिस हयात असतानाचं मानलं जातं. बाहेर गुलाबाची बाग आहे. मोहावर मात करण्यासाठी बेनेडिक्टने ज्या काटेरी झुडपात अंग लोटलं, त्यावर पुढे फ्रान्सिसने गुलाबाचं कलम केलं अशी परंपरा आहे. मार्चमध्ये फुलं नसतात, आधीच सांगून ठेवतो.

स्कोलास्तिकाच्या मठात तीन वेगवेगळ्या काळांतले तीन आवार आहेत आणि अकराव्या शतकाचा घंटामनोरा आहे. इटलीत छापलेली पहिली पुस्तकं १४६५च्या सुमारास याच मठात निघाली. स्वाइनहाइम आणि पानार्त्झ हे दोन जर्मन मुद्रक तिथे येऊन राहिले होते. अर्धा-पाऊण तास पुरतो.

मोंते कासिनो. रोमा तेर्मिनीवरून कासिनोला जाणारी प्रादेशिक गाडी थेट आहे, दीड ते दोन तास. आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायलाच हवा. मोबाइलवरचं असेल तर गाडीत बसण्याआधी त्यावर चेक-इन करायचं. हे विसरलं तर दंड भरावा लागतो.

कासिनो स्टेशन सपाटीवर, मठ सुमारे ५२० मीटर उंचीवर. नागमोडी रस्ता नऊ किलोमीटरच्या आसपास आहे. वर जाणाऱ्या बसफेऱ्या मोजक्याच, आणि शेवटची परतीची फेरी लवकर निघते. कासिनो स्टेशनला उतरल्या उतरल्या परतीची वेळ पाहून घ्या. टॅक्सी करणार असाल तर वर थांबण्यासह जाऊन-येऊन किती, हे बसण्याआधी ठरवा. डोंगरावर दुसरी टॅक्सी मिळत नाही.

मठाच्या दारावर 'पाक्स', म्हणजे शांती, असं कोरलंय. प्रवेशाच्या पहिल्याच आवारात बेनेडिक्टच्या मृत्यूचं ब्राँझशिल्प आहे : दोन्ही हात वर केलेले, शिष्यांनी दोन्हीकडून धरून उभं केलेलं. बसून किंवा पडून नव्हे, उभ्याने प्रार्थना करत प्राण सोडला, अशी कथा आहे. बॅसिलिकेत मुख्य वेदीखाली बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण स्कोलास्तिका यांची एकत्र समाधी आहे. तिथून खाली तळघरातल्या चॅपेलमध्ये जरूर उतरा. जर्मनीतल्या बॉयरॉन मठाच्या कलाकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं मोझेइक काम तिथे आहे.

वर दिसतं ते बांधकाम जुनं नाही. १५ फेब्रुवारी १९४४ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला, त्यात आश्रयाला आलेले नागरिक मारले गेले. मग 'होता तिथे, होता तसा' या निश्चयाने तो पुन्हा उभा राहिला आणि २४ ऑक्टोबर १९६४ला पोप पॉल सहावे यांनी त्याचं पवित्रीकरण केलं. त्याच दिवशी त्यांनी बेनेडिक्टना युरोपचे आश्रयदाते संत घोषित केलं. हे माहीत नसलं की काही जण 'सगळं नवंकोरं दिसतं' म्हणून हिरमुसतात. खरं तर सहाव्या शतकापासून हा मठ चारदा उद्ध्वस्त झाला आणि दर वेळी भिक्षू परत आले. माझ्या मते इथे पाहण्यासारखं ते आहे.

---

सांजप्रार्थना

वरची माहिती नेमकी आहे. मी उपासनेच्या बाजूने भर घालतो, कारण बेनेडिक्टाईन (बेनेडिक्टच्या नियमावलीने चालणारा) मठ नुसता पाहून झाला तर निम्मा राहून जातो.

मठाचा दिवस घड्याळावर नव्हे, प्रार्थनेच्या प्रहरांवर चालतो. नियमावलीत रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थना सांगितल्यात आणि आठवड्याभरात स्तोत्रसंहितेतली सर्व १५० स्तोत्रं पूर्ण व्हावीत असं अठरावं प्रकरण सांगतं. आज प्रत्येक मठाची विभागणी थोडी वेगळी आहे. यात्रेकरूंना सहज गाठता येतात त्या दोन : सकाळची स्तुतिप्रार्थना आणि सांजप्रार्थना. दोन्ही साधारण अर्ध्या तासाच्या. ऋतूप्रमाणे आणि सणाप्रमाणे वेळ बदलते, म्हणून जाण्याच्या आठवड्यात मठाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर खात्री करा.

आत कसं वागायचं? पाच मिनिटं आधी जाऊन बसा. पुस्तिका ठेवलेली असेल तर घ्या. भिक्षू उभे राहिले की उभं राहायचं. स्तोत्राच्या शेवटी 'पित्याला, पुत्राला...' सुरू झालं की ते कमरेतून वाकतात, आपणही वाकावं. दोन गट आलटून पालटून एकेक ओळ म्हणतात आणि ओळीच्या मध्यात एक विराम घेतात. आपल्याकडे रोजरी म्हणताना दुसऱ्या बाजूचे लोक आधीच सुरू करतात, तसं तिथे करू नका. तो विराम मुद्दाम ठेवलेला आहे. लॅटिन-इटालियन येत नसेल तर त्या दिवशीच्या स्तोत्रांचे क्रमांक विचारून घ्या आणि मराठी बायबल उघडून मनात वाचत राहा. एक खाच मात्र ध्यानात ठेवा : त्यांच्या लॅटिन क्रमांकात आणि आपल्या मराठी बायबलातल्या क्रमांकात बहुतेक स्तोत्रांना एकाचा फरक पडतो. त्यांचं ५० म्हणजे आपलं ५१.

मराठी मिस्सा. शक्य आहे, पण आधी कळवून. फादरांनी स्वतः मठाच्या सॅक्रिस्टीला (मिस्सेची तयारी पाहणाऱ्या विभागाला) ईमेल करावा : तारीख, वेळ, किती लोक, भाषा. सोबत आपल्या बिशपांच्या कार्यालयाकडून घेतलेलं सेलेब्रेत, म्हणजे धर्मगुरूपणाचं अधिकृत पत्र, जोडावं आणि मूळ प्रत जवळ ठेवावी. ते नसेल तर अनोळखी धर्मगुरूंना वेदी देणं मठाला अवघड जातं. मराठी मिस्साग्रंथ तिथे नसणार, त्या दिवसाची वाचनं आणि प्रार्थना छापून न्या, मोबाइलवर विसंबू नका. झगा आणि पात्रं सहसा मिळतात, तरी आल्ब (पांढरा लांब झगा) आणि स्टोल (गळ्यातला पट्टा) बॅगेत असलेला बरा. गायन करायचं असेल तर मोजकं आणि हळू. बाजूच्या चॅपेलमध्ये आवाज घुमतो आणि मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असू शकते.

गुहेच्या मठात चॅपेलं लहान आहेत आणि पाहुण्यांचा ओघ सतत असतो. सकाळी दार उघडल्यानंतरची पहिली वेळ मागा.

२१ मार्चबद्दल : बेनेडिक्टाईन मठांत तो मोठा सण आहे, तर सर्वसाधारण कॅथलिक पंचांगात संतांचा स्मरणदिन ११ जुलैला येतो. म्हणून आपल्या गावच्या कॅलेंडरवर २१ मार्चला काही दिसणार नाही, तिथे मात्र महोत्सवी मिस्सा असते आणि गर्दीही. त्या दिवशी स्वतंत्र मिस्सेची मागणी करू नका, मिळणार नाही. मुख्य मिस्सेत सामील व्हा, फादरांना सहअर्पण (इतर धर्मगुरूंसोबत मिस्सा अर्पण) करायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी इटलीत घड्याळं एक तास पुढे जातात. तुमची यात्रा त्या रविवारी असेल तर सकाळची प्रार्थना, मिस्सा, बस सगळंच चुकू शकतं.

कपडे : खांदे आणि गुडघे झाकलेले. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. दगडी चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, म्हणून शाल हवीच.

बेनेडिक्टचं पदक बऱ्याच घरांत असतं. आज सर्वत्र दिसतो तो नमुना १८८०चा, संतांच्या जन्माला १४०० वर्षं झाली तेव्हाचा, मोंते कासिनोशी जोडलेला. मठाच्या दुकानात मिळेल. विकत घेतलेलं पदक आशीर्वादित असतंच असं नाही, फादर सोबत आहेतच, त्यांच्याकडून आशीर्वाद करून घ्या.

---

फोरेस्तेरिया

मुक्काम आणि जेवण.

सुबियाकोत राहा. संत स्कोलास्तिकाच्या मठाला लागून पाहुण्यांसाठी निवासगृह आणि भोजनगृह आहे. स्त्री-पुरुष, कुटुंबं, गट सगळ्यांना चालतं. खोल्या साध्या, स्वच्छ, हॉटेलसारखी सजावट नाही. नियमावलीचं त्रेपन्नावं प्रकरण सांगतं की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्त समजून करावं. पण त्याचा अर्थ न कळवता बारा जणांनी दारात उभं राहावं असा होत नाही. दोन-तीन महिने आधी ईमेल करा, इंग्रजी चालतं, सोबत चार ओळी इटालियनमध्ये असल्या तर उत्तर लवकर येतं. आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन करा, जेवणाच्या आणि प्रार्थनेच्या वेळा सोडून. आरक्षणाचं लेखी उत्तर व्हिसाच्या अर्जालाही जोडता येतं.

ईमेलमध्ये हे आवर्जून लिहा : किती खोल्या, किती जणांना खालच्या मजल्यावरची खोली हवी, कोण शाकाहारी, पोचण्याची वेळ. रात्री दार बंद होण्याची वेळ विचारून ठेवा. मठांच्या निवासात ती पाळली जाते, रोममधल्या हॉटेलसारखं रात्री अकराला परतता येत नाही. शेवटच्या रात्रप्रार्थनेनंतर मौन असतं, व्हरांड्यात फोनवर बोलायचं नाही.

शाकाहारी लोकांनी नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नये. तिकडे त्यात मासे आणि हॅमचे बारीक तुकडे येऊ शकतात, सूपही हाडांच्या रसात केलेलं असतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने' (मांस नको, मासे नको, मांसाचा रस नको) हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात द्या. पास्ता-टोमॅटो, वाल-मसुराचं सूप, पालेभाजी, चीज, ब्रेड हे नेहमी मिळतं. उपवासकाळातल्या शुक्रवारी सगळ्यांनाच मांस नसतं, त्या दिवशी मासे वाढतात.

जाता जाता : नियमावलीच्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात रोज दोन शिजवलेले पदार्थ आणि एक पौंड ब्रेड पुरे असं म्हटलंय. दोन कशासाठी, तर एक कुणाला चालला नाही तर दुसरा खाता यावा. आजाऱ्यांखेरीज कुणी चतुष्पाद प्राण्याचं मांस खाऊ नये, असंही त्यातच आहे. तुमच्या तिघांना तिथे परकं वाटायचं काही कारण नाही.

---

माणगावकर

थोडा वेगळा प्रश्न, पण याच जागेचा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे आमच्या माणगाव तालुक्यातले. त्यांचं नाव कासिनोला कोरलंय असं ऐकलंय. मठात आहे का? ही मंडळी तिथे जाणारच आहेत, तर त्यांना फूल वाहता येईल का?

---

स्मारक_वाचक

मठात नाही, खाली गावात आहे. कासिनो वॉर सेमेटरी, स्टेशनपासून साधारण एक किलोमीटर, सांत'आंजेलोला जाणाऱ्या रस्त्यावर. सपाट रस्ता, ज्येष्ठांनाही जमेल. तिथे राष्ट्रकुलातल्या ४,२७१ सैनिकांच्या कबरी आहेत. त्याच आवारात कासिनो मेमोरियल आहे. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. यशवंत घाडगे यांचं नाव त्यात आहे.

नीट समजून घ्या : ते कासिनोच्या लढाईत नव्हे, तर १० जुलै १९४४ला, बऱ्याच उत्तरेला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक, वय २२. तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तरी त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेऊन ते ताब्यात घेतलं आणि मग शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. देह मिळाला नाही म्हणून नाव या स्मारकावर.

नाव शोधायची पद्धत : भारतातूनच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा आणि पॅनेलचा क्रमांक लिहून घ्या. भारतीय नावं तिथे आडनावाने लावलेली असतातच असं नाही, त्यामुळे 'यशवंत' आणि 'घाडगे' दोन्हीने, इंग्रजीतल्या वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधा. प्रत्यक्ष जागी नावं रेजिमेंटप्रमाणे आणि हुद्द्याप्रमाणे आहेत. पॅनेल क्रमांकाशिवाय गेलात तर अर्धा तास नुसता शोधण्यात जाईल. फूल वाहता येतं. दगडावर कुंकू, तेल, मेणबत्तीचं मेण लावू नका, डाग जात नाहीत.

फेब्रुवारी-मार्च १९४४मध्ये चौथी भारतीय डिव्हिजन मठाच्या डोंगरावरच लढत होती. वरच्या व्हरांड्यातून खालची दरी दिसते, त्या उतारावर. मठातून समोर दिसणारी कबरींची मोठी रांग पोलिश सैनिकांची आहे. १८ मे १९४४ला पोलिश तुकडीने मठाच्या भग्नावशेषांवर झेंडा लावला. त्यामुळे वरून बोट दाखवून 'तिथे आपले लोक' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. आपले लोक खाली गावात.

---

यात्रेकरू_वसई

सर्वांचे मनापासून आभार. मग असं ठरवतोय : दोन रात्री, छोटी बस भाड्याने. आमच्यात दोघांकडे भारतीय लायसन्स आहे, स्वतः गाडी चालवली तर स्वस्त पडेल का?

---

रोम_मुक्कामी

तुमच्या गटासाठी नाही. साध्या कार-लायसन्सवर इटलीत ड्रायव्हर धरून जास्तीत जास्त नऊ जणांची गाडी चालवता येते. बारा जण म्हणजे दोन गाड्या, दोघांकडेही आंतरराष्ट्रीय परवाना हवा, उजव्या बाजूने चालवायचं, वर सुबियाकोचा घाट. शिवाय रोमच्या मध्यवर्ती भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना प्रवेशबंदीचे पट्टे आहेत. कॅमेरा फोटो घेतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. ड्रायव्हरसह सोळा-वीस आसनी बस करा आणि ठरवतानाच दोन गोष्टी लिहून घ्या : ड्रायव्हरच्या मुक्कामाचा खर्च कुणाचा, आणि गुहेच्या मठापर्यंत वर गाडी नेणार की स्कोलास्तिकापाशीच थांबवणार. दुसरी गोष्ट तुमच्या गुडघेदुखीवाल्या दोघींसाठी महत्त्वाची.

मी दिवस असे लावीन. पहिल्या दिवशी रोमहून जेवण करून निघा, चारपर्यंत स्कोलास्तिकाला पोचा, आवार पाहा, सांजप्रार्थना, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच गुहा, तिथेच मिस्सा, साडेबाराच्या आत बाहेर. दुपारी जेवून विश्रांती, संध्याकाळी परत प्रार्थना. या दिवशी आणखी काही घालू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघून फ्युज्जीमार्गे कासिनो, दहाच्या आसपास थेट वर मठात. समाधी, तळघरातलं चॅपेल, आवार, मग खाली गावात जेवण, सेमेटरी, आणि संध्याकाळी महामार्गाने रोम.

२१ मार्च तिसऱ्या दिवशी येईल असं पाहिलंत तर सण कासिनोत मिळेल. मात्र त्या दिवशी पार्किंग लवकर भरतं, तेव्हा सुबियाकोहून सातला निघा. आदल्या रात्री निवासगृहात सांगून ठेवलं तर न्याहारी बांधून देतात का ते विचारा.

---

सांजप्रार्थना

एक राहिलं. दोन्ही मठांत मिस्सेच्या दानासाठी आणि मेणबत्त्यांसाठी सुटे युरो लागतात, कार्ड सगळीकडे चालत नाही. रोममध्येच पाच आणि दहाच्या नोटा करून घ्या. आणि धर्मग्रामातल्या लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्या नेणार असाल तर एकाच कागदावर नावं नीट लिहून न्या. फादर त्या मिस्सेत वेदीवर ठेवू शकतात. गुहेत किंवा समाधीवर चिठ्ठ्या खोचून ठेवू नका.